ज्युनिअर कॉलेजांतून विद्यापीठांत



सोळा-सतरा वर्षांच्या वयांत मिळालेल्या गुणांवर मनुष्याची पुढची सारी विद्या तोलावी काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकास केव्हां ना केव्हां पडतोच. माझें बहुतेक आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. म्हणून या प्रश्नाचें एका दूरच्या देशानें काढलेलें उत्तर आज आपणांपुढें मांडीत आहें. तो देश अमेरिका, व तें उत्तर म्हणजे तेथील ज्युनिअर कॉलेज. आपल्याकडे या नांवाखालीं अकरावी-बारावीचे वर्ग ओळखले जातात. तिकडे मात्र पदवीच्या चार वर्षांपैकीं पहिलीं दोन वर्षें शिकविणारी संस्था, असा त्याचा अर्थ आहे. पुढें तिला कम्युनिटी कॉलेज हें नांव रूढ झालें.

ही संस्था मागें पडलेल्यांच्या कळवळ्यांतून जन्मली नाहीं. १८९२ सालीं उघडलेल्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या मतें पहिलीं दोन वर्षें म्हणजे शाळेचाच विस्तार. खरें विद्यापीठ त्यापुढें सुरू व्हावयाचें. तें ओझें इतरांनीं उचलावें अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या प्रेरणेनें १९०१ सालीं इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें हायस्कुलास जोडून असा वर्ग निघाला. कॅलिफोर्नियानें १९०७ सालीं कायदा करून हायस्कुलांस अशी मोकळीक दिली, आणि १९१० सालीं फ्रेझ्नो येथें तिकडील पहिला वर्ग भरला. अशा रीतीनें, विद्यापीठाचा भार हलका करण्यासाठीं योजलेल्या व्यवस्थेनेंच त्याच्या भिंतीस दुसरें दार पाडलें.

या दाराचे नियम पक्के झाले ते १९६० सालीं. १९४४ च्या कायद्यानें युद्धांतून परतलेल्या सैनिकांस शिक्षणाचा खर्च मिळूं लागला होता व कॉलेजांत गर्दी झाली होती. तेव्हां क्लार्क कर यांच्या पुढाकारानें कॅलिफोर्नियानें एक मोठी योजना आंखली. हायस्कुलांतील वरच्या अष्टमांशास कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तृतीयांशास स्टेट कॉलेजें, आणि ज्युनिअर कॉलेज सर्वांस खुलें! शिवाय विद्यापीठानें पहिल्या दोन वर्षांत ४० व पुढच्या दोन वर्षांत ६० या प्रमाणांत विद्यार्थी ठेवावेत असें ठरलें. मागून येणाऱ्यांसाठीं जागा राखल्या गेल्या त्या येथें.

तिकडे अ दर्जास ४, ब दर्जास ३ व क दर्जास २ असे अंक धरून सरासरी काढतात. शाळेच्या गुणांवर ज्यास प्रवेश मिळाला नव्हता, त्यास कॉलेजांत २.४ ची सरासरी मिळविल्यास अर्जाचा अधिकार आला. म्हणजे निष्कलंक प्रगतिपुस्तकाची अट नव्हती. मात्र अधिकार निराळा आणि जागा निराळी! बर्कली किंवा लॉस एंजेलिस येथें प्रत्यक्ष प्रवेशास याहून पुष्कळ अधिक गुण लागतात.

क्रेग व्हेंटर यांचें उदाहरण पाहा. शाळेंत ते अभ्यासांत मागें होते, मन समुद्राकडे. व्हिएतनामच्या युद्धांत नौदलाच्या रुग्णसेवेंत राहून परतल्यावर ते सॅन मटेओच्या कॉलेजांत शिकले, तेथून सॅन डिएगो येथील विद्यापीठांत गेले, १९७२ सालीं पदवीधर व १९७५ सालीं डॉक्टर झाले. २००० सालीं मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा जाहीर झाला, त्या कार्याच्या अग्रणींपैकीं ते एक होत. शाळेचे गुण अखेरचे मानले असते तर?

तथापि एकाच बाजूनें बोलणें बरें नव्हे. १९६० सालींच बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, हीं कॉलेजें पुष्कळांची महत्त्वाकांक्षा हळूहळू निववितात. तरुण आपल्याच इच्छेनें मागें फिरला असें वाटतें, पण त्यास फिरविलेलें असतें. विद्यापीठाची आशा धरून येणाऱ्यांपैकीं बहुतेक आजहि तेथवर पोहोंचत नाहींत. नोकरी, घरची अडचण, न जुळणारे अभ्यासक्रम, अशीं त्याचीं कारणें. दार उघडें असणें आणि वाट सुगम असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

तरीहि या इतिहासांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गुणपत्रिकेवर तारीख असते. त्या दिवशीं विद्यार्थ्यास काय येत होतें, एवढेंच ती सांगते. पुढें त्यास काय येईल हें सांगण्याचा अधिकार तिला नाहीं. ज्या समाजानें दुसऱ्या परीक्षेची सोय ठेविली, त्यानें हें ओळखलें.