वू-वेइ (ताओ तत्त्वज्ञानातील अकृती)

ताओ तत्त्वज्ञानातील एक मध्यवर्ती आचारतत्त्व. मराठीत त्याचा निर्देश 'अकृती' किंवा 'अकर्म' असा केला जातो. वस्तूचा, माणसाचा किंवा परिस्थितीचा स्वाभाविक कल ओळखावा, त्यावर बळजबरी करू नये आणि त्या कलाच्या आधारानेच कार्य साधावे, असा या तत्त्वाचा आशय आहे. आळस, उदासीनता आणि कर्तव्यत्याग यांच्याशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. मूळ ग्रंथांत मात्र अकृतीच्या जोडीला बारकाईचे निरीक्षण, दीर्घ अभ्यास आणि संयम यांची अपेक्षा आहे. राज्यकारभार, वैद्यक, क्रीडा, संघटन अशा अनेक क्षेत्रांत या तत्त्वाची कसोटी लागते. इंग्लंडमधील लेस्टर या शहराच्या अलीकडच्या इतिहासात तिची तीन बोलकी उदाहरणे सापडतात. ती पुढे दिली आहेत.

ग्रंथ आणि परंपरा : या विचाराचा आद्य ग्रंथ 'ताओ-ते-चिंग'. परंपरेने तो लाओ-त्झू याच्या नावावर आहे. लाओ-त्झू इ. स. पू. सहाव्या शतकात, कन्फ्यूशियसच्या काळात होऊन गेला असे मानले जाते. ग्रंथ मात्र अनेक हातांनी हळूहळू घडला असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. त्यात ८१ लहान प्रकरणे असून सुमारे ५,००० चिनी अक्षरे आहेत. १९७३ मध्ये मावांगद्वी येथील एका थडग्यात या ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. ते थडगे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेले होते. १९९३ मध्ये ग्वोद्यान येथे त्याहून जुन्या, सुमारे इ. स. पू. ३०० च्या बांबूपट्ट्या सापडल्या. दुसरा महत्त्वाचा ग्रंथ 'च्वांग-त्झू'. च्वांग-त्झू हा इ. स. पू. चौथ्या शतकातील विचारवंत. आज उपलब्ध असलेल्या संहितेत ३३ प्रकरणे असून पहिली सात त्याची स्वतःची मानतात. वू-वेइ ही संज्ञा केवळ ताओवाद्यांची नाही. कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहात शुन या आदर्श राजाच्या संदर्भात ती येते, आणि दंडनीतीचे पुरस्कर्तेही तिचा उपयोग करतात.

आशय : 'च्वांग-त्झू'मधील डिंग नावाच्या बल्लवाची कथा या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मानली जाते. डिंग राजासमोर बैल कापतो. सामान्य कारागीर सुरा महिन्याला बदलतो, कारण तो हाडांवर घाव घालतो. चांगला कारागीर वर्षाला बदलतो. डिंगचा सुरा एकोणीस वर्षे वापरात आहे आणि त्याची धार नव्यासारखी आहे. सांध्यांमध्ये मुळातच पोकळी असते, पात्याला जाडी जवळजवळ नसते. त्यामुळे पाते त्या पोकळीतून सहज फिरते, असे तो सांगतो. गुंतागुंतीचा सांधा आला की तो सावध होतो, नजर स्थिर करतो, हात मंद करतो, सुरा अगदी किंचित हलवतो आणि मांस आपोआप सुटते. काम झाल्यावर तो सुरा पुसून ठेवतो. येथे कृती आहे, श्रम आहेत, वर्षानुवर्षांचा सराव आहे. नाही तो फक्त अनाठायी जोर.

'ह्वाइनान-त्झू' हा ग्रंथ इ. स. पू. १३९ मध्ये हान सम्राटाला सादर झाला. अकृती म्हणजे हाताची घडी घालून बसणे नव्हे, असे त्यात निःसंदिग्धपणे मांडले आहे. विहीर आगीने सुकवू पाहणे किंवा नदीचे पाणी डोंगरावर चढवू पाहणे, याला हा ग्रंथ खरी 'कृती' म्हणजेच निसर्गाविरुद्धचा हट्ट मानतो. उताराप्रमाणे पाट काढणे, ऋतूप्रमाणे पेरणी करणे हे मात्र अकृतीत बसते. सिच्वान प्रांतातील तूज्यांगयेन ही सिंचनव्यवस्था याच दृष्टीने पाहिली जाते. इ. स. पू. २५६ च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने मिन नदीवर धरण न बांधता मध्ये बांध घालून प्रवाह विभागला. ही व्यवस्था आजही चालू असून २००० मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला.

राज्यकारभार : 'ताओ-ते-चिंग'मधील उपदेशाचा मोठा भाग राजाला उद्देशून आहे. कायदे, कर आणि मोहिमा जितक्या वाढतील तितकी प्रजा त्रस्त होईल, हे त्यातील सूत्र. त्याचा प्रत्यक्ष प्रयोग आरंभीच्या हान राजवटीत झाला. इ. स. पू. १९३ मध्ये मुख्य मंत्री झालेल्या त्साव शेनने पूर्वसूरी श्याव हे याची घडी जशीच्या तशी ठेवली. तरुण सम्राटाने जाब विचारला, तेव्हा त्याने उलट विचारले की, सम्राट संस्थापकाहून आणि आपण श्याव हे याच्याहून श्रेष्ठ आहोत काय? उत्तर नकारार्थी येताच, नीट घातलेली घडी मोडण्याचे कारण नाही, असे त्याने सांगितले. पुढे वन आणि चिंग या सम्राटांच्या काळात (इ. स. पू. १८०–१४१) जमीनमहसूल उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्शावर आणला गेला आणि दीर्घ युद्धांनी पोळलेला देश सावरला.

भारतीय आणि मराठी विचाराशी संबंध : सातव्या शतकात महाराष्ट्राला भेट देऊन येथील लोकांचे व दुसऱ्या पुलकेशीचे वर्णन लिहिणारा ह्युएन त्संग मराठी वाचकांना परिचित आहे. चीनला परतल्यावर ६४७ मध्ये त्याच्यावर 'ताओ-ते-चिंग' संस्कृतात नेण्याची कामगिरी सोपवण्यात आली. कामरूपाच्या राजाने त्या ग्रंथाची मागणी केली होती. बौद्ध परिभाषा वापरावी की नाही, यावरून ताओवादी पंडितांशी त्याचे तीव्र मतभेद झाले.

कर्मात अकर्म पाहण्याची गीतेच्या चौथ्या अध्यायातील भूमिका वू-वेइच्या जवळ जाते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मत्यागाचा अर्थ नाकारून निष्काम कर्मयोग मांडला. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेल्या 'गीता प्रवचने'त कर्माला मनाची, म्हणजे विकर्माची जोड मिळाली की अकर्म साधते, अशी उकल केली. कर्म इतके सहज व्हावे की त्याचे ओझेच उरू नये, ही विनोबांची धारणा डिंगच्या सुऱ्यापासून फार दूर नाही. भेदही मूलभूत आहेत. गीतेतील अकर्माला स्वधर्म, ईश्वरार्पण आणि मोक्ष यांचे अधिष्ठान आहे. ताओ विचारात ईश्वराला अर्पण करणे नाही की मोक्षाचे ध्येय नाही. निसर्गक्रमाशी सूर जुळणे हेच तेथे पुरेसे आहे.

लेस्टरमधील उदाहरणे : लेस्टर हे इंग्लंडच्या मध्य भागातील, सोअर नदीकाठचे शहर. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३,६८,६००, त्यांपैकी ४३.४ टक्के आशियाई वंशाचे. पुढील घटनांत गुंतलेले लोक ताओवादी नव्हते; त्यांच्या निर्णयांचे परिणाम मात्र हे तत्त्व समजून घेण्यास उपयोगी पडतात.

(१) १९७२ ची जाहिरात : ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. लेस्टरच्या नगरपरिषदेने १५ सप्टेंबर रोजी 'युगांडा आर्गस' या वृत्तपत्रात जाहिरात दिली. घरे, शाळा, आरोग्यसेवा यांवर आधीच ताण आहे, तेव्हा स्वतःच्या व कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका, असा तिचा मथितार्थ होता. ब्रिटनमध्ये सुमारे २८,००० निर्वासित आले आणि त्यांतील हजारो लेस्टरलाच स्थायिक झाले. या शहराचे नाव आपल्याला त्या जाहिरातीमुळेच कळले, असे पुढे त्यांच्यापैकी काहींनी सांगितले. उखडलेली माणसे आप्तस्वकीय जेथे असतील तेथेच जाणार, हा ओघ जाहिरातीने वळणारा नव्हता. पुढे याच कुटुंबांनी बेलग्रेव्ह रोडवरील ओस पडू लागलेली दुकाने चालती केली, आणि आज तेथील दिवाळी भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळी-सोहळ्यांपैकी एक मानली जाते. शहराने तेव्हा नुसते स्वस्थ बसणे हेही अकृतीत बसले नसते. येणाऱ्यांसाठी घरे आणि शाळांतील जागा तयार ठेवणे, हा उताराप्रमाणे पाट काढण्याचा मार्ग होता.

(२) प्रोस्टेट कर्करोगाची चाचणी : 'प्रोटेक्ट' या ब्रिटिश वैद्यकीय चाचणीसाठी १९९९ ते २००९ या काळात नऊ शहरांत रुग्ण निवडले गेले, लेस्टर त्यांपैकी एक. ५० ते ६९ वयोगटातील ८२,४२९ पुरुषांची रक्तातील पीएसए तपासणी झाली. ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग आढळलेल्यांपैकी १,६४३ जणांची सोडत पद्धतीने तीन गटांत विभागणी झाली : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि सक्रिय देखरेख. देखरेखीच्या गटातील रुग्णांची पीएसए तपासणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर सहा ते बारा महिन्यांनी होत असे. आकडा चढला की पुढच्या उपचारांचा विचार होई.

२०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने एकूण ४५ जण, म्हणजे २.७ टक्के दगावले होते. देखरेखीच्या गटात ३.१, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता कमी होण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि त्या गटातील बहुतेकांना पुढे केव्हातरी उपचार घ्यावे लागले. सुमारे २४ टक्के रुग्ण मात्र पंधरा वर्षांनंतरही कोणत्याही मूलगामी उपचाराविना हयात होते. 'कर्करोग' हा शब्द कानी पडताच काहीतरी तातडीने केलेच पाहिजे, हा रुग्णाचा, नातेवाइकांचा आणि कित्येकदा डॉक्टरचाही आग्रह असतो. विशिष्ट रुग्णांत तो आग्रह थांबवणे आणि नजर मात्र न हटवणे, हे या चाचणीने शास्त्रीय पायावर उभे केले. वू-वेइचे याहून नेमके आधुनिक उदाहरण सापडणे कठीण आहे.

(३) लेस्टर सिटी फुटबॉल संघ, २०१५–१६ : हंगामाच्या आरंभी या संघाच्या विजेतेपदावर सट्टेबाजांचा भाव ५,००० ला १ असा होता. जुलै २०१५ मध्ये आलेले प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांची ख्याती सतत संघ बदलणारा माणूस अशी होती. लेस्टरमध्ये त्यांनी आधीचे प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांनी जमवलेली घडी फारशी विस्कटली नाही, आणि हंगामभर लीगमध्ये सर्वांत कमी बदल याच संघात झाले. चेंडूचा ताबा सर्वांत कमी ठेवणाऱ्या संघांतही लेस्टरची गणना झाली. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे आणि त्याच्या मागे मोकळी झालेली जागा वेगाने गाठायची, ही त्यांची रीत. ८१ गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा १० गुण पुढे राहून हा संघ विजेता ठरला. खेळाडूंचे धावणे आणि शिस्त यांत कसूर नव्हती. गाळला होता तो अनावश्यक हस्तक्षेप. त्साव शेनच्या धोरणाशी हे साम्य लक्षणीय आहे.

आक्षेप आणि मर्यादा : या तत्त्वावरील पहिला आक्षेप तार्किक आहे. सहजता ठरवून आणता येत नाही, आणि न ठरवता येतही नाही. अमेरिकी अभ्यासक एडवर्ड स्लिंगरलँड यांनी २००३ च्या ग्रंथात हाच पेच प्राचीन चिनी विचाराच्या केंद्रस्थानी असल्याचे दाखवले. डिंगच्या कथेत त्याचे व्यावहारिक उत्तर आहे : सहजता सरावाच्या शेवटी येते, आरंभी नव्हे. दुसरा आक्षेप नैतिक असून अधिक गंभीर आहे. अन्याय चालू असताना 'निसर्गक्रम' म्हणून गप्प राहण्यास हे तत्त्व आडोसा पुरवू शकते. जातिव्यवस्थेला स्वाभाविक ठरवणाऱ्या समाजात राहिलेल्या मराठी वाचकाला हा धोका वेगळा सांगायला नको. जे माणसांनी लादले आहे ते निसर्गाच्या नावावर खपवता येत नाही. 'ताओ-ते-चिंग'मधील संयमाचा उपदेशही प्रामुख्याने सत्ताधाऱ्याला आहे, पिचलेल्याला नाही.

आजचे महत्त्व : प्रतिजैविकांचा अतिवापर, नदीकाठ काँक्रीटने आवळून ओढवून घेतलेले पूर, मुलांच्या दिवसाचा तास न् तास भरून टाकणारे वेळापत्रक, दर वर्षी बदलणारे शासकीय नियम या सर्वांत काहीतरी करून दाखवण्याची घाई समान आहे. वू-वेइ या घाईला प्रश्न विचारते. हातात अधिकार असलेल्याने आधी पाहावे, मग हात घालावा. आणि हात न घालण्याचे ठरवले तर लक्ष काढून घेऊ नये. एवढी अट पाळली तरच अकृती हे शहाणपण ठरते. ती न पाळल्यास उरते ती निव्वळ बेपर्वाई.