उलरिकाची रात्र

7 जानेवारी 1955. न्यूयॉर्क, ब्रॉडवे आणि 39व्या रस्त्याचा कोपरा. जुन्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये तुम्हांला उभं राहण्याचंच तिकीट मिळालंय. कठड्यावरून वाकलात की सोनेरी सज्जे एकावर एक चढत गेलेले दिसतात. हे नाट्यगृह उघडलं 1883 साली. तेव्हापासून एकाही कृष्णवर्णीय गायकाला इथे भूमिका मिळालेली नाही.

व्हेर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’चा पहिला प्रवेश तुमच्या कानांवरून नुसता वाहून जातो. वाट आहे ती दुसऱ्याची. पडदा वर जातो. काहिलीपाशी भविष्य सांगणारी उलरिका उभी आहे: मॅरियन अँडरसन, वय 57. सूर लागण्याआधीच टाळ्यांचा लोंढा येतो, हाताखालचा कठडा थरथरतो.

1939 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलनं तिला रंगामुळे नाकारलं, तेव्हा ती ईस्टरच्या रविवारी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. ऐकायला 75 हजार माणसं होती. पण जलशात उभं राहून गाणं वेगळं. ऑपेरात सोंग घेऊन वावरणं तिला आज पहिल्यांदाच.

तिचा आवाज काँट्राल्टो, बाईच्या गळ्यातला खर्ज. पाताळाच्या राजाला ती हाक घालते आणि सूर कापतो. तुम्ही श्वास रोखता. हा आवाज ऐन भरात असताना या दारानं त्याला बाहेर ठेवलं, याची चीड तुम्हांला इथे, ऐन गाण्यात येते. मग ती मंद्रात उतरते. तिथे सूर स्थिरावतो, रुंद आणि काळाभोर, आणि तुमच्या मानेवर काटा येतो.

प्रेक्षागृहात तिची आई बसली आहे. नवऱ्याच्या मागे फिलाडेल्फियात लोकांचे कपडे धुऊन, फरशा पुसून तिनं तीन मुली वाढवल्या.

शेजारच्या पिकल्या केसांच्या बाईंना ठाऊक नाही ते तुम्हांला ठाऊक आहे. 20 दिवसांनी याच रंगमंचावर दुसरा कृष्णवर्णीय गायक, रॉबर्ट मॅकफेरिन, उभा राहील. 1961 मध्ये कृष्णवर्णीय गायिका लिओन्टिन प्राइस येईल. अँडरसन मात्र इथे उलरिकेखेरीज दुसरी भूमिका कधीच गाणार नाही. हे तुम्ही बाईंना सांगत नाही. त्या अजून टाळ्या वाजवताहेत.