चवदार तळे आणि पाण्याची वही

20 मार्चला आपण महाडला जातो, तळ्याला वंदन करतो. पण त्या दिवसाआधीची चार वर्षे भाषणात एका वाक्यात उरकतो. मला ती जरा थांबून सांगायची आहेत, कारण पाऊसपाण्याच्या सरकारी नोंदींचे आज तेच चालले आहे.

4 ऑगस्ट 1923. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. आणि तळ्यावर कोण गेले? कोणीच नाही. 1926 मध्ये बोल्यांना पुन्हा उभे राहून, ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान थांबवा, असे म्हणावे लागले. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात विरोधक कोर्टात गेले ते तळे खाजगी आहे असे म्हणत. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 17 मार्च 1937 उजाडला.

‘खुले’ या शब्दाचा हा इतिहास आहे.

आता नोंदींकडे या. भारतीय हवामान खाते 1875 चे. दुष्काळ आणि वादळांचे तडाखे बसले म्हणून इंग्रजांनी ते काढले, आणि शेतसाऱ्याची काळजी होतीच. कचेरीत पाऊस मोजला जाऊ लागला. गावाची शीव कुठून जाते हे त्या काळी महाराला विचारत, भांडणात त्याची साक्ष चाले. वही मात्र कुलकर्ण्याच्या घरी. माहिती आपल्या डोक्यात आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात, ही वाटणी जुनी आहे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट वरच्या पातळीवर हाताळली. व्हाइसरॉयच्या मंडळात ते 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, सिंचन आणि वीज त्यांच्याकडे. 1943 मध्ये दामोदरला मोठा पूर आला. नदी प्रांतांच्या हद्दी मानत नाही, म्हणून तिचा अभ्यास आणि नियोजन करणारी मध्यवर्ती संस्था हवी, या विचारातून त्यांच्या सल्ल्याने 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तोच. देशाच्या नद्या मोजणाऱ्या यंत्रणेच्या पायात बाबासाहेब आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

ही यंत्रणा पुढे वाढली. 1995 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून जलविज्ञान प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्र होता. कर्ज आपल्या नावावर, कर आपला, म्हणजे नोंदी सार्वजनिक पैशाच्याच. 2012 चे राष्ट्रीय जलधोरण सांगते की सुरक्षेच्या कारणाने गोपनीय ठरवलेली सोडून सर्व जलविषयक माहिती लोकांसाठी खुली असावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 तर न मागता माहिती जाहीर करा म्हणते. ठराव झाले, बोल्यांसारखे. ओंजळ कोणी भरली?

मी मराठवाड्यातल्या एका वस्तीत काम करते. नाव देत नाही. उन्हाळ्यात आमची विहीर एप्रिलमध्येच खडकाला लागली. टँकर मागायला गेलो तर साहेब म्हणाले, “तुमच्या गावाची पातळी गेल्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा बरी आहे.” पातळी कुठली? तर गावातल्या निरीक्षण विहिरीची. ती विहीर ओढ्याच्या काठाला, बागायतीच्या मळ्यात. आमची वस्ती माळावर. राज्यात अशा हजारो विहिरींचे पाणी वर्षातून चार वेळा मोजले जाते आणि काम मोलाचे आहे, यात वाद नाही. पण गावाची जागा जातीने वाटलेली असेल, तर एका विहिरीचा आकडा अख्ख्या गावाचा कसा होईल? समाजशास्त्राच्या वर्गात सरासरी शिकले होते. ती कोणाला झाकते ते त्या टेबलासमोर कळले.

संकेतस्थळावर शोधले. सगळे इंग्रजीत, विहिरीच्या जागी सांकेतिक क्रमांक. एका मुलाने अक्षांश-रेखांश मोबाईलवर टाकून मळा शोधला, तेव्हा आम्हाला ‘आपल्या’ विहिरीचा पत्ता लागला! माहिती खुली होती, म्हणजे 1924 च्या तळ्याइतकी.

काही जण म्हणतील, आधी घर, नोकरी, अत्याचाराचे खटले. आकड्यांचे काय घेऊन बसलात? पण टँकर, पीकविमा, दुष्काळाची यादी, सगळे आकड्यावर ठरते. पावसाचा आकडा महसूल मंडळाचा लागतो, आणि मंडळात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही.

गेल्या वर्षापासून वस्तीतल्या मुली दर पौर्णिमेला वंदना झाली की दोराला दगड बांधून विहिरीत सोडतात. ओला दोर मीटरपट्टीने मोजतात, तारखेसह विहारातल्या वहीत लिहितात. वैशाखात त्या वहीची झेरॉक्स, निरीक्षण विहिरीच्या सरकारी नोंदी आणि दोन्ही विहिरींमधले अंतर असा अर्ज दिला. या वेळी साहेबांनी वही मागून घेतली, पाने उलटली आणि स्थळपाहणीला माणूस पाठवला. टँकर नवव्या दिवशी आला. वही आम्ही परत आणली आहे, मूळ प्रत कोणालाही द्यायची नाही असे मुलींनीच ठरवले आहे.