धूलिकण आणि गोलाचे गृहीतक

सोन्याच्या कलिलाचे रंग उलगडताना गुस्टाफ मी यांनी १९०८ साली गोल कणांवरून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचे गणित मांडले. पुढे तेच वाळवंटी धुळीलाही लावले गेले. वस्तुतः धूलिकण गोल नसून तांदळाच्या कणीसारखा तुटका, कोनेदार असतो. ॲम्स्टरडॅमच्या प्रयोगशाळेत फेल्डस्पार, क्वार्ट्झ, सहारातील वाळू इत्यादींचे कण हवेच्या झोतात सोडून त्यांवर ४४१.६ व ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेसरकिरण टाकण्यात आले आणि ५ ते १७३ अंशांपर्यंतचे प्रकीर्णन मोजले गेले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या मापनांत बाजूच्या व मागील दिशांकडील वक्र जवळजवळ सपाट आढळला. उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशावरून हवेतील धूळ अजमावताना गोलाचे गृहीतक धरल्यास उत्तर चुकते, ते यामुळेच.