वीस वर्षं जुना जुगाड : प्रोसेसरच्या झोपेची गोष्ट

आजच्या भागात इतिहासच आहे, पण तो किल्ल्यांचा नाही, लिनक्स कर्नलमधल्या एका ओळीचा. ही ओळ २००२ च्या आसपासच्या काही चुकार चिपसेटसाठी लिहिली गेली आणि २०२२ साली भल्यामोठ्या सर्व्हरचा वेग खाताना सापडली. मधली वीस वर्षं ती तिथेच बसून होती.

आधी प्रोसेसरच्या झोपेबद्दल बोलू. तुमच्या फोनचा प्रोसेसर दिवसातला बराच वेळ रिकामा असतो. रिकाम्या प्रोसेसरने करायचं काय? डॉसच्या जमान्यात तो नुसता गोल गोल फिरत राहायचा : कुणी बटण दाबलं का? नाही. आता दाबलं का? नाही. काम शून्य, वीज पूर्ण. खरं तर इंटेलच्या ८०८६ मध्ये, म्हणजे १९७८ पासूनच, 'एचएलटी' नावाची सूचना होती. अर्थ साधा : कुणी हाक मारेपर्यंत थांब.

लिनक्सने ती वापरायला घेतली आणि पंचाईत झाली. काही मशीन थांबायची ती थांबायचीच, परत उठायची नाहीत. मग कर्नल सुरू होतानाच परीक्षा घ्यायला लागला. 'एचएलटी तपासतोय' असं स्क्रीनवर छापायचं, ती सूचना लागोपाठ चार वेळा चालवायची आणि जिवंत राहिलो तर पुढे 'ओके' लिहायचं. मशीन तिथेच अडकली तर निदान कारण तरी डोळ्यासमोर दिसायचं. पुढच्या वेळी 'नो-एचएलटी' हा पर्याय देऊन सुरू करा, झालं काम.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक आणलं. त्यात झोपेच्या पायऱ्या ठरल्या. सी-० म्हणजे जागा, सी-१ म्हणजे बसल्याबसल्या डुलकी, सी-२ आणि सी-३ म्हणजे आणखी गाढ. जितकी झोप गाढ तितकी वीज कमी, पण उठायला वेळ जास्त. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सी-२ मध्ये जायची त्या वेळची पद्धत अशी : प्रोसेसरने एक ठरावीक पोर्ट वाचायचा. ते पाहून चिपसेट त्याला 'घड्याळ थांबव' असा सिग्नल देणार आणि प्रोसेसर झोपणार. पण काही चिपसेटचा हा सिग्नल उशिरा यायचा. कर्नलला वाटायचं झोपलो, आणि प्रोसेसर मात्र पुढच्या सूचना चालवत सुटलेला असायचा.

यावर जुगाड निघाला. पोर्ट वाचल्यावर लगेच एसीपीआयचा टायमर वाचायचा आणि आलेला आकडा फेकून द्यायचा. उद्देश एकच, वेळ काढणं, म्हणजे तेवढ्यात सिग्नल पोचतो. कोडमधल्या टिप्पणीतही सरळ लिहिलं होतं की चिपसेटचा भरवसा नाही म्हणून इथे काहीतरी निरुपयोगी करणं भाग आहे. प्रामाणिक टिप्पणी! पण कुठला चिपसेट, कुठलं मॉडेल, कधीपर्यंत, यातलं काही नाही. त्यामुळे ज्या मशीनची झोप या वाटेने जाईल, तिला हा थांबा लागू.

याच फाइलमध्ये उलटं उदाहरणही होतं बरं का. आयबीएमच्या थिंकपॅड आर४०ई या लॅपटॉपला गाढ झोप सोसत नव्हती. त्याच्यासाठी कर्नलमध्ये यादी होती, बायोसच्या एकेका आवृत्तीसकट : ही मशीन असेल तर सी-१ च्या पुढे जायचं नाही. दिसायला कंटाळवाणी यादी, पण त्या लॅपटॉपचा त्रास दुसऱ्या कुणालाच झाला नाही.

आणि तो थांबा? तो विस्मरणात गेला. इंटेलच्या नव्या प्रोसेसरना २०१० मध्ये 'इंटेल-आयडल' हा वेगळा ड्रायव्हर मिळाला. तो 'एमवेट' या सूचनेने झोपवतो, पोर्टच्या वाटेने जातच नाही. एएमडीची मशीन मात्र गाढ झोपेसाठी अजूनही त्याच जुन्या वाटेने जात होती.

सप्टेंबर २०२२. एएमडीचे इंजिनिअर के. प्रतीक नायक यांनी झेन-३ सर्व्हरवर 'टीबेंच' ही चाचणी चालवून प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते मोजलं. बराचसा वेळ त्या निरुपयोगी वाचनात जात होता. आजच्या मशीनवर ते एक वाचन हजारो सायकल खाऊ शकतं.

खरी गंमत पुढे आहे. हा वाया गेलेला वेळ 'झोप' म्हणून मोजला जात होता. झोपेची पायरी ठरवणारा कर्नलचा भाग, म्हणजे गव्हर्नर, म्हणायचा : अरे वा, चांगली लांब झोप झाली, पुढच्या वेळी आणखी गाढ पाठवू. गाढ झोप म्हणजे उशिरा उठणं आणि पुन्हा तोच थांबा. ज्या कामात प्रोसेसर सतत झोपतो-उठतो, तिथे हे चक्र सुटतच नव्हतं. ती ओळ वगळल्यावर सर्वात वाईट निकाल दहापटीहून जास्त सुधारला!

नायक यांचा पहिला पॅच सांगत होता, झेन प्रोसेसरना यातून सूट द्या. इंटेलच्या डेव्ह हॅन्सन यांनी प्रश्न उलटा केला : सूट कुणाकुणाला देत बसणार? ज्यांच्यासाठी जुगाड होता त्यांच्यापुरताच ठेवा. शेवटी तो फक्त इंटेलपुरता उरला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.० मध्ये हा बदल होता.

ओळ पुसून का नाही टाकली? कारण एखाद्या ऑफिसच्या कोपऱ्यात तशी जुनी मशीन अजून चालू असू शकते, आणि ती तपासायला समोर कुणाकडेच नाही. चालणारी मशीन मोडायची नाही, हा कर्नलवाल्यांचा जुना दंडक.

जुगाड वाईट नसतो. हार्डवेअर चुकणारच. एएमडीच्याच 'रोम' पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये असा दोष आहे की रीसेट केल्यापासून सुमारे १०४४ दिवसांनी एखादा कोअर झोपेतून उठतच नाही. उपाय : त्याआधी रीबूट करा किंवा ती झोपच बंद ठेवा. पण इथे प्रोसेसर कुठला आणि मुदत किती, दोन्ही लिहिलेलं आहे. त्यामुळे वीस वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळेल की हे आपल्याला लागू आहे की नाही.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना एवढंच सांगणं. तात्पुरता उपाय बिनधास्त लिहा, पण तो कुणासाठी आहे आणि कधी काढायचा हे त्याच्या शेजारीच लिहा. लिहिणारा नोकरी बदलतो, ज्या मशीनसाठी लिहिलं ती भंगारात जाते, आणि ओळ मात्र रोज इमानदारीने चालत राहते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.