शाळेने सोडलेली संध्याकाळ

१८२३ साली बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने जिल्ह्यातल्या देशी शाळांची माहिती गोळा करून मद्रास सरकारला अहवाल पाठवला. एकूण शाळा ५३३. बहुतेक कानडी आणि तेलुगू, पण २३ मराठीही. त्यातले शाळेच्या दिवसाचे वर्णन आजच्या शिक्षकाने मुद्दाम वाचावे असे आहे. पोरे सकाळी सहाला जमत. पहिल्या येणाऱ्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर नुसते शून्य, तिसऱ्याला एक हलकी छडी, आणि मग उशिरागणिक छड्या वाढत जात. नऊच्या सुमाराला खाण्यापुरती सुटी, अकराला परत हजर, दोन-तीनला पुन्हा जेवायला घरी, चारला शाळेत, आणि सुटका साधारण सातला. यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे.  झालेल्या धड्यांची उजळणी करून घेणे आणि मुलांना कितपत आले ते तपासणे, हेही शाळेतच चाले.

म्हणजे आपण ज्याला गृहपाठ म्हणतो तो त्या शाळेत होता, फक्त तो पंतोजीच्या डोळ्यांसमोर होत होता. महाराष्ट्रातल्या गावठी शाळेचा बाजही याहून फार वेगळा नव्हता. धूळपाटीवर बोटाने गिरवलेले अक्षर घरी नेता येत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी हे सारे एका सुरात, मोठ्या पोरांनी धाकट्यांकडून घोकून घ्यायचे. लिहित्या-वाचत्या घरांत संध्याकाळी परवचा होई, पण तो घरचा रिवाज होता. त्यावाचून शाळेचे काही अडत नसे. या शाळांचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. तिथे शिक्षा अघोरी होत, अर्थ कळला की नाही हे कोणी विचारत नसे, आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींना तिथे जवळजवळ थारा नव्हता. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. मुलाने सराव केला नाही, ही तक्रार पंतोजीला दुसऱ्या कोणाकडे नेता येत नव्हती. सराव करून घेणे हेच त्याचे काम होते.

ही तक्रार जन्माला येते ती पुढच्या तीस-चाळीस वर्षांत. १८५५ साली मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले. मेजर कँडींची छापील क्रमिक पुस्तके आली, इयत्ता आल्या, तपासणीला साहेब येऊ लागले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. त्यानंतरच्या दशकात खासगी शाळांचे अनुदान मुले परीक्षेत किती उतरतात यावर ठरू लागले. शिकवायचे विषय वाढले आणि शाळेचा दिवस मात्र पाच-सहा तासांवर आला. वेळापत्रकातून जी गळली ती संध्याकाळची उजळणी. पण परीक्षा ती झालेलीच आहे असे गृहीत धरून घेतली जाई. शाळेने संध्याकाळ सोडली आणि संध्याकाळचे काम घरावर टाकले. त्या घरात दिवा आहे का, वाचता येणारे कोणी आहे का, मूल गुरांमागे जाते का, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. निकालाचा जाब शिक्षकाला द्यायचा आणि निकाल ज्यावर ठरतो ते तास त्याच्या हाताबाहेरचे, अशी ही कोंडी आहे. शिक्षकाची चिडचिड तिच्यातून येते, म्हणून ती मला खोटी वाटत नाही. ती निघते मात्र चुकीच्या माणसावर.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न थेट कोर्टात गेला. १८८४ साली एका बोर्ड शाळेच्या मुख्याध्यापकाने घरचा अभ्यास न केलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर डांबून ठेवले. हंटर विरुद्ध जॉन्सन नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात निकाल मुख्याध्यापकाच्या विरोधात लागला, कारण शिक्षणाच्या कायद्याने शाळेला घरचा अभ्यास लादण्याचा अधिकार दिलेलाच नव्हता. आपल्याकडे असा खटला झाल्याचे माझ्या माहितीत नाही. इथे छडी होती आणि छडीपुढे कायद्याचा मुद्दा कोण काढणार!

महाराष्ट्रातल्या ज्या माणसांना बहुजनांची मुले खरोखर शिकवायची होती, त्यांनी मात्र दुखणे नेमके ओळखले होते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली; ज्यांचा दिवस पोटापाण्यात जातो त्यांना अभ्यासाची वेळ शाळेनेच दिली पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहांचा सपाटा लावला होता. दंडाने मूल शाळेत येते, अभ्यासाला बसत नाही. बसण्यासाठी जागा, दिवा आणि दोन वेळचे जेवण लागते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेले शाहू बोर्डिंगही याच समजातून आले. बोर्डिंग म्हटले की आपल्याला जातपात मोडून एका पंक्तीला बसलेली मुले आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण गृहपाठाच्या इतिहासातही त्या इमारतींना जागा द्यायला हवी. शाळेने सोडलेली संध्याकाळ तिथे परत ताब्यात घेतली गेली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की गरिबीतही अभ्यास करून माणसे मोठी झालीच की. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव यात पहिले घेतले जाते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब, उशाशी जाते, पायाशी शेळी; भीमराव लवकर निजत आणि वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागून त्यांना अभ्यासाला उठवत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पण हे उदाहरण आक्षेपाच्या बाजूने नीटसे उभे राहत नाही. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी त्या एका खोलीतून मुलासाठी अभ्यासाची वेळ अक्षरशः कोरून काढली, तीही स्वतःची झोप मोडून. असा बाप प्रत्येक मुलाला असेल असे धरून शाळा चालवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता घरोघरी वीज आहे, आईबाप बऱ्यापैकी शिकलेले आहेत, तरी वह्या कोऱ्याच येतात. मग घराला दोष कसा द्यायचा? काही मुले निव्वळ टाळाटाळ करतात, हे मान्यच आहे. पण आज पूर्ण होऊन येणारा गृहपाठही पाहावा. तो बऱ्याचदा गाईडमधून उतरवलेला, नाहीतर क्लासच्या बाईंनी सांगितलेला असतो. फी भरू शकणाऱ्यांनी संध्याकाळ विकत घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्यात बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलेही आहेत, ज्यांचे अर्धे शालेय वर्ष फडावर जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी गेली आणि तिच्या जागी 'पालकांची सही आणा' आले. सही मागताना पालकाला शेरा वाचता येतो हे पुन्हा गृहीतच.

यशपाल समितीने १९९३ साली प्राथमिक वर्गांना, आसपासच्या परिसरात शोध घेण्यापलीकडे, गृहपाठ देऊच नये असे सांगितले. २०१८ साली केंद्राने पहिली-दुसरीपुरता तो बंद करायला सांगितला. माझे म्हणणे याहून वेगळे आहे. सराव हवाच, पाढे पाठ हवेतच. पण ते शाळेच्या तासांत, शिक्षकासमोर व्हावे. शेवटची तासिका त्यासाठी ठेवली तर पोर्शन पुरा होणार नाही, असे शिक्षक म्हणतील, आणि ते खरे आहे. मग तो पोर्शन ठरवणाऱ्यांनी कमी करावा. शिक्षकांनी आपली तक्रार त्यांच्याकडे न्यावी, ती तिसरीतल्या मुलाच्या डायरीत लाल शाईने लिहून भागणार नाही.