कागदांत गुंडाळलेली वीज

वीज निर्माण करणें ही एक विद्या, आणि ती घरोघर सुखरूप पोहोंचविणें ही अगदीं निराळी विद्या. सन १८८७ सालीं लंडनमध्यें या दुसऱ्या विद्येचा कस लागला. ग्रोव्हनर गॅलरी या चित्रशाळेच्या वीजघरांतून तेव्हां २,४०० व्होल्ट दाबाच्या तारा लोकांच्या छपरांवरून नेलेल्या होत्या. सेबास्टियन फेरांटी या अवघ्या तेवीस वर्षांच्या इंजिनियरला ही व्यवस्था तोकडी वाटली. थेम्स नदीच्या कांठीं डेटफर्ड येथें प्रचंड वीजघर उभारावें आणि तेथून १०,००० व्होल्ट दाबानें शहराला वीज पुरवावी, असा त्याचा बेत होता. कोळसा बोटीनें दारांत येणार, पाणी हाताशीं. आणि दाब चौपट केला म्हणजे तीच शक्ति चतुर्थांश प्रवाहानें नेतां येते, म्हणून तांबेंहि कमी लागणार!

परंतु एवढ्या दाबाच्या विजेला कोंडून ठेवावयाचें कशांत? समुद्रतळाच्या थंडींत तारायंत्राच्या तारांना उपयोगी पडलेला गटापर्चा उष्णतेनें मऊ होतो. तयार विकत घेतलेल्या केबली या दाबाखालीं टिकेनात. तेव्हां फेरांटीनें जो पदार्थ निवडला तो ऐकून आजहि कोणी हंसेल. तो होता साधा तपकिरी कागद! कोरडा कागद उत्तम विद्युद्रोधक असतो. त्याचा वैरी एकच, ओलावा. म्हणून तो ओझोकेराइट नांवाच्या खनिज मेणांत भिजवावयाचा, तांब्याच्या नळीवर गुंडाळावयाचा, त्यावर तांब्याची दुसरी नळी, पुन्हां कागद, आणि सर्वांवर लोखंडी नळी. बाहेरील तांबें जमिनीशीं जोडलेलें असे, आणि खरें चातुर्य येथेंच होतें.

बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याला मात्र भय वाटे, आणि तें अनाठायीं नव्हतें. रस्ता खोदणाऱ्या मजुराची पहार केबलींत घुसली तर? यावर उत्तर म्हणून चालू केबलींत छिन्नी ठोकून दाखविण्यांत आली. एका सहाय्यकानें ती हातांत धरली, दुसऱ्यानें हातोडा मारला. छिन्नी आंतल्या नळीस भिडण्यापूर्वींच जमिनीशीं जोडलेल्या बाहेरील नळीला लागलेली असल्यामुळें प्रवाह तिकडे वळला, वितळतार उडाली, आणि छिन्नी धरणाऱ्यास इजा झाली नाहीं. तर्क निर्दोष होता खरा. पण त्या तर्कावर भरंवसा ठेवून छिन्नी धरणाऱ्याचें धैर्य शोधकाच्या बुद्धीहून कमी कसें म्हणावें?

केबलीचे तुकडे अवघे वीस फुटी. सुमारे २८ मैलांत सात हजारांहून अधिक सांधे आले, आणि प्रत्येक सांधा शंकूसारखा तासून दाबून बसवावा लागे. १८९० च्या नोव्हेंबरांत ग्रोव्हनर गॅलरीच्या उपकेंद्राला आग लागली, पुरवठा खंडित झाला, आणि १८९१ सालीं फेरांटी कंपनींतून बाहेर पडला. ताठ नळ्यांची त्याची पद्धतहि पुढें मागें पडली. शिशाच्या वेष्टनांतील लवचिक केबली आल्या. तेल मुरविलेला कागद मात्र त्यांतहि राहिला, आणि प्लास्टिकच्या विद्युद्रोधकांनीं त्याची जागा घेईपर्यंत कित्येक दशकें टिकला. डेटफर्डच्या मूळ केबलीचा कांहीं भाग तर १९३३ पर्यंत काम देत होता.